सरकारी अनुदान आणि सरकतं दार

सरकारी अनुदानाचा अर्ज कसा लिहावा हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! फुशारकी मारत नाही, पण माझा अर्ज वाचून दगडालाही पाझर फुटतो, आणि सरकारी कचेरी काही दगडापेक्षा फार कठीण नसते.

आमची संस्था सासूबाईंनी काढली. त्यांनी बावीस वर्षं तुरुंगातल्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर गप्प बसतील तर त्या आमच्या सासूबाई कसल्या! सुटून आलेल्या माणसाला कुणी काम देत नाही, आणि काम नाही म्हणून तो फिरून आत जातो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्यांनी सुतारकामाचा कारखाना टाकला. सुटून आलेली सहा माणसं तिथे शाळांसाठी बाक बनवतात. तुरुंगातली गर्दी कमी व्हावी म्हणून सरकार अशा कामाला अनुदान देतं. संस्थेचा सचिव मी. पगार नाही, आणि जावई असल्यामुळे राजीनाम्याचीही सोय नाही.

यंदा अनुदानाची मुदत संपत होती. ते पुढे चालू झालं नाही, तर महिनाअखेर कारखान्याला टाळं लागणार होतं. पाच जणांना निदान घरंदारं होती. मिस्त्रींना मात्र या कारखान्याखेरीज कुणी म्हणजे कुणीच नव्हतं.

मिस्त्री चौदा वर्षं आत होते. हातात कला अशी की लाकूड आपणहून वळतं की काय असं वाटावं. पण एक खोड होती. ते दार उघडत नसत! आत असताना दार उघडणारा दुसरा, लावणाराही दुसरा. बाहेर येऊन वर्ष झालं, तरी बंद दार दिसलं की हे हात बांधून समोर उभे. एकदा भर उन्हात अर्धा तास उभे होते, आणि दाराला साधी कडीसुद्धा नव्हती. शेवटी सासूबाईंनी कारखान्यातल्या सगळ्या दारांखाली पाचरी ठोकल्या. दारं चोवीस तास उघडी!

आणि मी अर्जात काय लिहावं? ‘लाभार्थी पूर्णतः स्वावलंबी झाले आहेत.’ पूर्णतः!

तपासणीला अनुदान खात्याच्या मॅडम आणि त्यांचे सहायक येणार होते. मी आतल्या खोलीत जंगी भाषणाची तयारी केली. भाषणात व्यत्यय नको म्हणून सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत ठेवायला लावले, अगदी मॅडमचासुद्धा. सासूबाई बाकीच्या पाच जणांना घेऊन टेम्पोतून बाक पोचवायला गेल्या होत्या. मी मिस्त्रींना हळूच सांगितलं, “आम्ही आत गेलो की दार लावून घ्या. मग दहा मिनिटांनी चहा घेऊन या.”

“बरं, साहेब.”

मी फळ्याकडे तोंड करून भाषण सुरू केलं. मागे दार लागल्याचा आवाज आला. विसाव्या मिनिटाला मॅडमनी मला थांबवलं.

“ते स्वावलंबी वगैरे मी कागदावर वाचलंय. गेल्या वेळचे तपासनीस वेगळंच सांगत होते. कुणी एक मिस्त्री म्हणे दारातच उभे राहतात?”

“छे हो! जुनी गोष्ट! चला, प्रत्यक्षच दाखवतो,” असं म्हणून मी ऐटीत दाराकडे गेलो आणि मूठ ओढली. दार हललं नाही. ढकललं, तरी नाही.

“पावसापाण्याने फुगतं जरा,” मी म्हणालो आणि लाथ घातली. लाथ मलाच लागली!

सहायकांनी ओढलं. मग आम्ही दोघांनी मिळून ओढलं, तेव्हा मूठ निखळून हातात आली आणि आम्ही एकमेकांच्या अंगावर पडलो. खिडकीला गज होते. मॅडम त्या गजांकडे बघत म्हणाल्या, “खात्यात अठरा वर्षं झाली. आत राहायची वेळ आज पहिल्यांदाच आली.”

मी ओरडलो, “अहो, बाहेर कुणी आहे का?”

“मी आहे की, साहेब,” दाराला लागूनच आवाज आला.

“मिस्त्री! कधीपासून उभे आहात?”

“तुम्ही म्हणालात तसा दहा मिनिटांनी आलो. चहा निवला आता.”

“मग आत का नाही आलात?”

“दार बंद आहे ना.”

“मग उघडा की!”

“मी?” मिस्त्री म्हणाले. “तुम्हीच उघडा, साहेब. आत साहेब लोक आहेत. दार साहेब लोकच उघडतात.”

झालं! दार लावायला सांगून वर चहा मागवणारा शहाणा मीच! माझं ‘पूर्णतः’ भर दरबारात उघडं पडलं. मॅडमच्या हातातलं पेन कागदाकडे निघालेलं मी पाहिलं. टाळं, रस्ता, सासूबाईंचा चेहरा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आता एकच उपाय होता, दार तोडणं! मी पार भिंतीपर्यंत मागे गेलो.

तेवढ्यात मॅडम उठून दाराशी गेल्या. आवाज एकदम मऊ झाला होता.

“मिस्त्री, हे दार कुणी बसवलं?”

“मीच, बाई. कालच. मोठ्या बाई म्हणाल्या, खोलीत जागा कमी पडते.”

“तुमच्या हातचं दार आहे, ते तुमच्याशिवाय कुणाला कळणार? उघडा. मी सांगते म्हणून नको. तुम्हाला वाटतंय तर उघडा.”

बाहेर कपबशा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मला मात्र धीर कुठला! मी डोळे मिटले, खांदा पुढे केला आणि धावत सुटलो. मॅडम “अहो, थांबा!” म्हणत बाजूला झाल्या आणि त्याच क्षणी मिस्त्रींनी एका बोटाने दार बाजूला सरकवलं!

हो, सरकवलं! ते सरकतं दार होतं! सासूबाईंनी जावयाला न सांगता करून घेतलं होतं. मी त्या उघड्या दारातून सुसाट बाहेर गेलो, चहाचे सगळे कप पायदळी तुडवले आणि समोरच्या भुशाच्या ढिगात कमरेपर्यंत घुसलो.

नाकातोंडातला भुसा काढून पाहतो, तर मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मिस्त्री आपल्या बोटाकडे बघत होते. मग त्यांनी दार लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, आणि एकदम मोठ्याने हसले. वर्षभरात त्यांना हसताना कुणी ऐकलं नव्हतं. मला तर भुशात बसल्या बसल्या रडूच आलं, आणि ते मी भुशावर ढकललं.

इतक्यात टेम्पो आला. सासूबाई उतरल्या. “जावईबापू, पाहुणे आले असताना हे काय चाललंय?”

मॅडमनी तिथेच उभ्याउभ्या शेरा लिहिला. तीन वर्षांचं अनुदान मंजूर करावं! लाभार्थी स्वतःच्या हाताने दार उघडतात, हे समक्ष पाहिलं. खाली आणखी एक ओळ होती, सचिवांच्या प्रशिक्षणाबद्दल. ती तुम्हाला कळण्याची काही गरज नाही.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्या पाचरी काढून टाकल्या. आमचा विजय झाला! मिस्त्री आता कुठल्याही दारापुढे थांबत नाहीत. कुठल्याही म्हणजे अक्षरशः कुठल्याही! काल सकाळी मी कारखान्याच्या संडासात असताना दार धाडकन उघडलं.

“साहेब, याची कडी ढिली आहे,” मिस्त्री आनंदाने म्हणाले. “बसा, बसा, उठू नका. आत्ता बसवून देतो!”

आणि दारात बसून त्यांनी शांतपणे स्क्रू पिळायला घेतले. टकटक करायला शिकवण्यासाठी सरकारचं काही अनुदान असेल, तर कृपा करून कळवा. अर्ज मी लिहीन.