डिमेलो साहेबांची हवा

आमच्या नाट्यगृहात प्रयोग असला की सकाळी डिमेलो साहेबांचा फोन येतो. नाटक कोणाचं, नट कोण, बुकिंग कसं आहे, यातलं ते काही विचारत नाहीत.

"सावंत, हसवणारं की रडवणारं?"

"हसवणारं."

"मग एसीचा प्लांट लवकर सुरू कर रे. हसणारा माणूस लय तापतो."

फोन बंद.

मी बोरीवलीच्या या नाट्यगृहाचा व्यवस्थापक आणि डिमेलो साहेब आमच्या एसीचे सल्लागार. निदान कागदोपत्री तरी. खरं म्हणजे ते प्रेक्षकांचे पालक आहेत, फक्त प्रेक्षकांना याची कल्पना नाही. खुर्चीत बसलेला माणूस म्हणजे शंभराचा एक बल्ब, हे त्यांचं गणित. प्रत्येक जण बसल्या जागी तेवढी उष्णता बाहेर टाकत असतो. त्यामुळे हाउसफुल्ल प्रयोग म्हणजे आठशे बल्ब. बालनाट्याची मुलं आकाराने लहान, पण नाचतात फार, म्हणून त्यांना सूट नाही. भाषण करणारा पुढारी हा हॅलोजन. आणि रडवणाऱ्या नाटकाच्या शेवटच्या अंकात गारवा कमी करायचा, कारण रडून झालेल्या माणसाला थंडी वाजते. मला आधी ही थट्टा वाटायची. मग एकदा बाल्कनीतून नीट पाहिलं, तर नायिका गेल्यावर बायका खरोखरच पदर खांद्यावरून लपेटून घेत होत्या.

डिमेलो साहेब इथल्याच जुन्या गावठाणातले. जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. शिकून इंजिनीअर झाले आणि हॉस्पिटलं, हॉटेलं, औषधांचे कारखाने असल्या मोठ्या इमारतींच्या हवा-पाण्याची, विजेची व्यवस्था बघण्यात आयुष्य गेलं. रिटायर झाल्यावर आमच्याकडे आले ते एका भानगडीमुळे.

आमचा हॉल तेव्हा बर्फासारखा गार असायचा. प्रेक्षक मे महिन्यात शाली घेऊन यायचे. एका ज्येष्ठ नटाने तर चालू प्रवेशात, "महाराज, दरबारात हुडहुडी भरली आहे," असं पदरचं वाक्य टाकून टाळी घेतली होती. लाइट बिल पाहून ट्रस्टींना मात्र घाम फुटायचा. यंत्रणा जुनी झाली, सगळी बदला, असं एका कंपनीने सुचवलंही होतं.

डिमेलो साहेब आले आणि यंत्राकडे न जाता थेट हॉलमध्ये शिरले. भिंतींवरून हात फिरवत चालले, वैद्य ताप बघतो तसे. मागच्या एका भिंतीपाशी थबकले.

"पलीकडे काय आहे?"

"कॅन्टीन."

"भिंतीला लागून?"

"वड्याची कढई."

त्यांनी डोळे मिटून घेतले. हॉलचं तापमान मोजणारा सेन्सर नेमका त्याच भिंतीवर होता. पलीकडे कढई तापली की अलीकडे सेन्सरला वाटायचं, हॉल पेटला! मग यंत्र बिचारं जिवाच्या आकांताने थंडी ओतायचं.

"सावंत," ते म्हणाले, "तुमचं अख्खं थेटर वडे गार करायला लागलंय रे!"

सेन्सरची जागा बदलली. शाली बंद झाल्या, बिल उतरलं, नव्या यंत्रणेचा विषय संपला. डिमेलो साहेब मात्र गेले नाहीत. प्रत्येक प्रयोगाला बाल्कनीत मागे उभं राहायचं आणि माणसं बघायची, ही त्यांची करमणूक. कोणी तिकिटाने वारा घेतला की त्यांचा चेहरा पडतो. कोणी जांभई दिली तर लेखकाला दोष न देता ते म्हणतात, "ताजी हवा कमी पडली." आमच्या ट्रस्टवरच्या एका नाटककारांना हे निदान फार आवडतं.

बाहेरही हेच. माझ्या पुतणीच्या लग्नात ते जेवायला बसले आणि पाच मिनिटांत नाहीसे झाले. शोधलं तर हॉलच्या मॅनेजरला घेऊन छताखाली उभे. "नवऱ्यामुलाच्या डोक्यावर सगळा झोत आहे रे, फेटा उडेल त्याचा!" झोत वळवूनच ते जिलबीकडे परतले.

त्यांची खरी कमाल मी पाहिली ती गेल्या मे महिन्यात. रविवारचा दुपारचा प्रयोग, हाउसफुल्ल, विनोदी नाटक. पहिला अंक संपता संपता दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं. दुरुस्तीवाला निघाला होता, पण तो यायला वेळ होता. मी बाल्कनीत डिमेलो साहेबांकडे धावलो. प्रयोग थांबवायचा का, विचारलं.

"कशाला? आधी सगळ्यांना बाहेर काढ."

"बाहेर? उन्हात?"

"आवारात सावली आहे. चहा-वडा बाहेर मांड. मध्यंतर लांबव. आणि हॉलचे दिवे बंद कर."

मी माइकवर गरम वड्यांची घोषणा केली. मराठी प्रेक्षक त्यापुढे काही ऐकत नाही. हॉल रिकामा झाला. डिमेलो साहेबांनी दारं लावून घेतली आणि ऑफिस, लॉबी, वरचा छोटा हॉल, सगळीकडची गार हवा तोडून उरलेल्या यंत्राचा सगळा जोर मोठ्या हॉलमध्ये वळवला.

वरच्या हॉलमध्ये ट्रस्टचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन बसले होते. ते मान पुसत खाली आले.

"डिमेलो, वरची हवा बंद पडलीय!"

"पडली नाही. मी बंद केली."

"अहो, माझे पाहुणे आहेत वर!"

"वर खिडक्या आहेत, साहेब. खाली एकही नाही. आठशे माणसं आहेत, त्यात म्हातारी किती तुम्हीच बघा."

अध्यक्षांनी दाराच्या काचेतून आवारातली गर्दी पाहिली. मग कोट काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः वर जाऊन खिडक्या उघडल्या. माणूस सरळ आहे.

दुसरा अंक रंगला. दुरुस्तीवाला आला तेव्हा शेवटचा प्रवेश चालू होता. एकाही प्रेक्षकाने तिकिटाने वारा घेतला नाही. डिमेलो साहेब बाल्कनीत कठड्याला धरून उभे होते. त्यांचा स्वतःचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता.

ट्रस्टने त्यांचा सत्कार ठरवला. त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाले, "शाल नको. एखाद्या सोमवारी तुमची सुट्टी असते तेव्हा हॉल देशील?"

"कशाला?"

"मिसेसला आणायचंय."

इतक्या वर्षांत त्यांनी घरचा विषय कधी काढला नव्हता. रेजिनाबाईंना अर्धांगाचा झटका आलेला. त्यातून उठल्या, पण तेव्हापासून गर्दीची भीती बसली. टाळ्या वाजल्या की घाबऱ्याघुबऱ्या होतात. त्याआधी दोघांनी एक नाटक सोडलं नव्हतं म्हणे.

सोमवारी मी कुलूप उघडायला आलो तर दार उघडंच होतं आणि प्लांट चालू होता. रिकाम्या ऑफिसात पंखा चालू दिसला तरी मला झापणारा हा माणूस! मी बघतोय म्हटल्यावर ते ओशाळले.

"तिला उकडतं रे," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या रांगेच्या कडेला चाकाच्या खुर्चीत रेजिनाबाई बसल्या होत्या. निळा झगा, केसांत पिवळं फूल. डिमेलो साहेब रंगमंचावर चढले आणि तेच रविवारचं नाटक करायला लागले. नायक तेच, सासरा तेच, दारामागून डोकावणारी मोलकरीणही तेच. अभिनय वाईट होता. पण एक वाक्य सुटत नव्हतं.

रेजिनाबाईंनी उजवा हात वर केला.

"काय झालं गं?"

"ते मशीन बंद कर," त्या अडखळत म्हणाल्या. "आवाज येतंय. मना आयकाला येत नाय."

आमचा एसी ऐकू येत नाही, याचा डिमेलो साहेबांना केवढा अभिमान! मला वाटलं, आता वाद घालतील. ते खाली उतरले, प्लांट बंद केला, बाजूची दारं उघडली, बाह्या वर सारल्या आणि परत रंगमंचावर गेले.

"कुठून करू?"

"पयल्यापासून."

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.