नियोजमो मावशीचा खरा चहा

या, असे जवळ सरका, पाठ त्या खांबाला टेका. आमच्या नियोजमो मावशीची गोष्ट सांगतो. गोष्टीत देवाची कृपा आहे, आणि माझी फजितीही!

मावशीचे पाय लहानपणीच तापात गेले. आमच्या पामीरच्या गावात वाट म्हणजे नुसते दगड. तिची चाकाची खुर्ची उंबऱ्याबाहेर बकरीसारखी अडून बसते. त्यात डोंगर अधूनमधून हलणारा! म्हणून भूकंपाची तालीम घ्यायला जिल्ह्याहून सितोराबाई आल्या. भोंगा वाजला की चौघांनी मावशीला नमद्यावर, म्हणजे जाड लोकरीच्या चटईवर घालायचं, चार कोपरे धरायचे आणि शाळेच्या मैदानात न्यायचं, असं ठरलं. म्होरक्या मी.

"बाई, तुम्ही घड्याळ बघेपर्यंत मावशी मैदानात!" मी छाती ठोकून सांगितलं.

भोंगा वाजला. धावत आत शिरतो तो काय, दस्तरखान मांडलेलं! ताजी रोटी, लोणी, खारट दुधाच्या चहाची वाफ!

"मावशी, चल! भूकंप आहे!"

"असू दे. आधी बस."

"अगं, तालीम आहे ही!"

"मग भूकंप खोटा, चहा खरा. बस म्हणते ना, इमोमदोद!"

माझ्या जोडीदारानं, खुशकदमनं, रोटी मोडली. संपलं! मोडलेली रोटी टाकून उठणं आमच्याकडे पाप. आम्ही का येत नाही ते बघायला शेजारी आले, तेही बसले. त्यांना शोधत मैदानातली माणसं आली. कोणीतरी खांबावरचा रबाब काढून तारा छेडल्या. मद्दोह, म्हणजे आमची भक्तीची गाणी, कानावर पडली की मी माझा उरतच नाही. "होऊन जाऊ दे!" मीच म्हणालो. डोळे मिटून डोलतोय, तोच दारात सितोराबाई!

"मैदानात मी एकटी! आणि अख्खं गाव या जुन्या छपराखाली?"

मावशीनं पेला पुसत म्हटलं, "यांना रागावू नका, बाई. मागच्या हादऱ्यात सगळे पळाले. मी इथेच पडून देवाचं नाव घेत होते, वर तुळई कुरकुरत होती. कोणी आलं नाही. आज भोंग्याबरोबर माझ्या दारात पावलं वाजली. चहाशिवाय कशी सोडू?"

रबाब थांबला. खुशकदम पेल्यात बघत राहिला.

सितोराबाईंनी जोडे काढले, बसल्या, चहा घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, दस्तरखान मैदानात मांडलं तर?"

तेव्हापासून किटली शाळेत राहिली. चहा, मीठ आणि सुकी रोटी यांची पिशवी मावशीच्या दाराशी टांगली. भोंगा वाजला की पिशवी मैदानात आणायचं काम माझ्याकडे.

वसंतात खरोखर जमीन हलली. आम्ही चौघे आत शिरलो, मावशीला उचललं. नमद्यातून ती ओरडत होती, "हळू कशाला? पळा रे गाढवांनो! चहा बाहेर आहे!"

मैदान गाठलं आणि मागे तुळई कोसळली. मावशीच्या घराच्या झरोक्यातून धुळीचा लोट उठला. मग किटलीत पाणी उकळलं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या एका हातात नमद्याचा कोपरा होता. दुसऱ्या हातात रबाब!

अख्खं गाव नुसतं गरम पाणी प्यालं. "गोड लागतंय रे," मावशी म्हणाली.

तुमच्या वस्तीत ज्याला उठून पळता येत नाही, त्याच्या दाराशी आजच जाऊन या. आणि प्रार्थनेत नियोजमो मावशीचं नाव घ्या. माझं राहिलं तरी चालेल; पिशवी मीच विसरलो होतो.