कार्बोरेटरमधला बर्फ

"आज इंजिनात बर्फ धरला होता," एवढंच आकांक्षा फोनवर बोलली आणि लालबागच्या त्या दोन खोल्यांत हलकल्लोळ उडाला. पोरगी तिकडे थंडीत विमान चालवायला शिकत होती आणि उद्या सकाळी पहिल्यांदा एकटी उडणार होती.

"काही उडायचं नाही! बॅग भर नि घरी ये," शांता फोनवर ओरडली.

गंगुबाईंनी सुनेची री ओढली. "अगो बाय माझे! रस्त्यार गाडी बंद पडली तर ढकलूक माणसां गावतत. वर कोण ढकलतलो?"

"पप्पा, आईला समजवा ना! उद्याची संधी गेली तर परत कधी मिळेल, माहीत नाही."

पोरगी पायलट होणार, हे हितेंद्र अख्ख्या चाळीला सांगून बसला होता. त्याने घसा साफ केला.

"अगं, हवा दमट नि गार असली की कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. विमानात त्यासाठी खटका असतो. तो ओढला की गरम हवा आत जाते, बर्फ वितळतो. ते पाणी आत जाताना इंजिन आधी जास्तच खोकतं. घाबरून खटका परत ढकलायचा नाही, बस!"

"तुम्ही कधी विमानात बसलात?"

इथे हितेंद्रची जीभ घसरली. "विमान कशाला? आपली स्कूटर सकाळी बंद का पडते? ह्याच बर्फानं! मला काय झालं इतक्या वर्षांत?"

खरं तर स्कूटर बंद पडायची ती म्हातारी झाल्यामुळे. परळच्या मेकॅनिकने तिला केव्हाच हात जोडले होते. पण थाप बरोबर बसली. शांता विचारात पडली.

"खटका ओढला की नक्की जातो बर्फ?"

"नक्की!"

"मग जा गं उद्या. स्वेटर घालून जा," शांता फोनवर म्हणाली. हितेंद्रचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ती त्याच्याकडे वळली. "स्कूटरला कुठाय तो खटका?"

"स्कूटरला... नसतो."

"मग चावी द्या इकडे."

"अगं, मुंबईत कसला आलाय बर्फ? ते मी आपलं..."

"आपलं काय? थाप मारली? आकांक्षाला थांबवू?"

हितेंद्रने निमूटपणे चावी तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोरगी एकटी आकाशात फिरून सुखरूप उतरली. फोन आला तेव्हा हितेंद्र बसच्या रांगेत उभा होता. ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून आले.

"काय रे हितू, स्कूटर विकलीस की काय?" रांगेतल्या सीतारामने विचारलं.

"नाय रे," डोळे पुसत हितेंद्र म्हणाला, "पोरीच्या विमानाला लावली."