असम्प्टाने एकदाच विचारलं

असम्प्टाने पिशवीतून पुस्तक काढलं, फिडेल्मापुढे धरलं आणि म्हणाली, "साइव्हची कादंबरी. हवी तुला?"

"छे गं, मला कशाला," फिडेल्मा म्हणाली.

"बरं," असं म्हणून असम्प्टाने पुस्तक परत पिशवीत टाकलं, चहा संपवला आणि ती निघून गेली.

फिडेल्माचा कप हातातच राहिला. पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही रीत किलमोर गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून असम्प्टा म्हणजे पाचव्यांदा नको म्हटल्यावरही बशीत केक घालणारी. ती एका नकारावर थांबली? याचा अर्थ एकच. त्या पुस्तकात फिडेल्माने वाचू नये असं काहीतरी होतं.

काय होतं, हे असम्प्टाची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत फिडेल्माच्या ध्यानात आलं. साइव्ह ही असम्प्टाची नात, वय सव्वीस. तिची कादंबरी डब्लिनला एका खोलीत राहणाऱ्या दोन तरुण मैत्रिणींची. आणि पन्नास वर्षांपूर्वी डब्लिनला, रॅथमाइन्समध्ये, एका खोलीत कोण राहत होतं? काय दिवस होते ते. दोघींत मिळून नाचाचे चांगले बूट एकच, गॅसच्या शेगडीपुढे वाळणारे मोजे, आणि शनिवारच्या नाचानंतर ठणकणारे पाय. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचं जिवावर यायचं. पण संध्याकाळी जिन्याखालचा फोन वाजायचा आणि फिडेल्माची आई गावाकडून, क्लेअरहून, विचारायची, "प्रवचन कशावर झालं आज?" असम्प्टाची आईही तसलीच. मग दोघींनी पाळी लावली. एका रविवारी एकीने जायचं, दुसऱ्या रविवारी दुसरीने. जी जाईल तिने प्रवचन नीट ऐकून घरी राहिलेलीला सांगायचं. अशी तीन वर्षं निघाली.

तीच फिडेल्मा आता बावीस वर्षं किलमोरच्या चर्चमध्ये दर रविवारी उभी राहून बायबलमधला उतारा वाचत होती. गेल्याच महिन्यात तिने गिल्हूलींच्या सुनेला भर दुकानात सुनावलं होतं, "आमच्या वेळी मिस्सा चुकवायची कुणाची छाती नव्हती." आता हे बाहेर आलं, तर त्या व्यासपीठावर कुठल्या तोंडाने चढायचं?

पुस्तक विकत घ्यावं, तर दुकानदार गावभर सांगणार. ती ग्रंथालयात गेली, तर तिथे त्या पुस्तकासाठी आधीच चौदा जणांची नावं लागलेली.

"तुम्हाला कशाला हवंय पुस्तक?" ग्रंथपाल डिम्फ्ना म्हणाली. "तुम्हाला सगळं आधीच माहीत असेल." आणि ती हसली.

फिडेल्माला ते हसणं आवडलं नाही. खाटीक मॅलकी सॉसेज बांधताना म्हणाला, "बायको वाचतेय सध्या. तुम्ही दोघीही काही कमी नव्हता म्हणे."

"कोण म्हणे?"

"असंच आपलं, लोक."

पोस्टात तर गिल्हूलींच्या सुनेने तिच्यासाठी दार उघडून धरलं. आजवर तिने कधी धरलं नव्हतं.

शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात फादर कोलमन भेटले. "बरं झालं दिसलात, फिडेल्मा. साइव्हचं पुस्तक घेतलंय मी वाचायला. आणि हो, उद्याच्या वाचनाबद्दल जरा बोलायचं होतं."

संपलं. आता हे काढून टाकणार. काढून टाकण्याआधी आपणच बोललेलं बरं, असं ठरवून फिडेल्माने त्यांना बाकावर बसवलं आणि खोली, बूट, पाळी, आई, फोन, सगळं एका दमात सांगितलं. "दीडशे रविवारांपैकी पाऊणशे मी अंथरुणात काढले, फादर."



"मी सातव्या पानाच्या पुढे गेलेलो नाही," फादर म्हणाले. "तिथेच झोप लागते रोज. त्या दोन मुली अजून खिडकीतून पाऊसच बघतायत. मला एवढंच सांगायचं होतं की उद्याचा उतारा लांबलचक आहे, वाचायचा चष्मा विसरू नका."

"म्हणजे... हे..."

"हे माझ्यापाशी राहील," फादर म्हणाले. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

फिडेल्मा तिथून तडक असम्प्टाकडे गेली. आज ही पन्नास वर्षांची मैत्री निकालात काढूनच परतायचं, म्हणून ती बसलीसुद्धा नाही. असम्प्टा पावाचं पीठ मळत होती.

"मी त्या पुस्तकात आहे की नाही?"

"नाहीस."

"खोटं बोलू नकोस. रविवारच्या पाळीचं तू नातीला सांगितलंस. तुझ्यापायी मी आत्ता फादरांपुढे स्वतःची शोभा करून आले."

"पाळी आहे त्यात. पण तुझ्यासारखी जी मुलगी आहे, ती देवभोळी दाखवलीय तिने. तुझं नाव खराब होईल असं अक्षर नाही."

"मग मला एकदाच का विचारलंस?"

असम्प्टाने पिठाचा गोळा उगाचच दोनदा उलटला. "कारण मी आहे त्यात. एकेचाळिसाव्या पानावर. माझंच मेलं तोंड, साइव्हला सांगून बसले."

"काय सांगितलंस?"

"माझ्या पाळीला मी कधी गेलेच नाही गं. कालव्याजवळच्या त्या चहाच्या दुकानात बसायचे, बन खायचे, आणि प्रवचन मनानेच रचून तुला येऊन सांगायचे."

"मी जात होते. पावसात जात होते. एकदा तर अंगात ताप असताना."

"ठाऊक आहे. म्हणून तर तोंड नव्हतं सांगायला."

"आई ती प्रवचनं आळीभर सांगत फिरायची. एक तर तिने कागदावर उतरवून प्रार्थनेच्या पुस्तकात घालून ठेवलं होतं. ते पुस्तक तिच्या हातात देऊन पुरलंय आम्ही तिला, असम्प्टा."

असम्प्टाचे हात थांबले. "कुठलं प्रवचन?"

"शेजारणीच्या आवारात अंडी घालणाऱ्या कोंबडीचं."

असम्प्टाने हाताचं पीठ झटकलं.

"ते जरा लांबलं होतं," ती म्हणाली. "मला तेव्हाच वाटलं होतं."

फिडेल्माने खुर्ची ओढली आणि ती बसली.

"नाही गं," ती म्हणाली, "आईला त्याचा शेवट फार आवडायचा."