नानांची डावी बाजू

आमच्या नशिराबादेतले नाना फिडल वाजवतात. व्हायोलिन म्हटलेलं त्यांना खपत नाही. वाद्य तेच, तारा चारच; पण हनुवटीखाली दाबलं की व्हायोलिन आणि तान्ह्या पोरासारखं छातीशी आडवं घेतलं की फिडल, असा त्यांचा निवाडा. आणखी एक नियम: वाजवताना त्यांच्या डाव्या हाताला कोणी बसायचं नाही. झोपाळ्यावर ते उजव्या कडेला, डावीकडची गादी मोकळी. एकदा तिथे मांजर येऊन पहुडलं, तर नानांनी पाव्हण्याला उठवावं तसं अदबीनं त्याला उठवलं.

नाना नरडाण्याला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. लग्नाच्या बँडमधल्या एका वादकाकडून ते तारांवर फिरवायचा गज धरायला शिकले. पुढे कधीतरी मोबाइलवर त्यांना अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखाचं ब्लूग्रास सापडलं. फिडल आणि बँजो रुळावरून सुटल्यासारखे पळतात ते संगीत. नानांना ते परकं वाटलंच नाही. "डोंगर बठ्ठा सारखाच शेतस, भाऊ," सगळे डोंगर सारखेच, असं ते मला म्हणाले, आणि तिकडच्या वादकांना सातपुडा दाखवायला हवा होता म्हणून हळहळले.

गजाला लावायची राळही ते दुकानातली घेत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याहून बाजाराला येणाऱ्या एका बाईकडून सालईचा डिंक घेतात आणि घरीच कढवतात. त्यामुळे नाना रंगात आले की गजातून पांढरी भुकटी उडते आणि गल्लीत धुपाचा वास पसरतो. समोरच्या काकू तेवढ्यात हात जोडून घेतात.

सूर बिघडला की नाना थांबतात आणि जाहीर करतात, "गाडी आउटरले उभी शे." मग डोळे मिटून, स्टेशनाबाहेर अडकलेल्या गाडीसारखे, सिग्नल मिळायची वाट बघतात.

अशा कलावंताला गावापुढे आणायची खुमखुमी मला आली. थंडीत आमच्याकडे शेतात भरीत पार्टी असते. नाना दरवर्षी वांगी खाऊन, फिडल न काढता परततात. यंदा मी महिनाभर पिच्छा पुरवला. ते तयार झाले, पण अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, नेमक्या बहिणीकडे चाळीसगावला गेलेल्या. नाना कुरकुरले. मी ऐकतो कसला!

केळीच्या बागेत ऊन हिरवं होऊन उतरत होतं, कपाशीच्या काड्यांवर वांगी तडतडत होती. नानांनी फिडल छातीशी घेतलं. आणि मी, खोडसाळपणा अंगात भिनलेला माणूस, खुर्ची ओढून थेट त्यांच्या डाव्या हाताला बसलो. लोक हसले. नानांनी दोन ओळी वाजवल्या. मग माझ्याकडे बघितलं, फिडल पेटीत ठेवलं आणि भरीत न खाता घरी गेले. आउटरचं नावसुद्धा काढलं नाही.

चार दिवस धुपाचा वास आला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो आला, तसा मी माफी मागायला निघालो. दार उघडंच होतं.

झोपाळ्यावर नानांच्या डावीकडे चाळीसगावहून परतलेल्या अक्का बसल्या होत्या. त्यांनी तळहात फिडलच्या पाठीला लावला होता आणि डोळे मिटले होते. त्यांना कमी ऐकू येतं एवढं मला ठाऊक होतं. आता काहीच येत नाही, हे त्या दिवशी कळलं. नानांनी मला नजरेनंच उजवीकडे बसवलं.

"कानले येत नही," ते हळूच म्हणाले, "हातले येस."

नरडाण्याला असताना नानांची पाळी संपली की त्यांना घरी आणणारी गाडी घरामागून शिट्टी देत जायची, आणि ती ऐकून अक्का चहा ठेवायच्या. ते सांगून नानांनी पुन्हा गज उचलला. धुपाच्या धुरकट उन्हात तारांमधून अमेरिकेतली एक आगगाडी लांबून निघाली. मध्येच अक्कांच्या कपाळाला आठी पडली. नाना थांबले, अर्धा सूर मागे गेले, पुन्हा निघाले. गज झपाझप चालू लागला. शेवटच्या लांब सुरावर अक्कांची बोटं लाकडावर थरथरली.

"उनी," त्या म्हणाल्या. आली.

आणि चहा ठेवायला आत गेल्या.