खालचे दोन बर्थ

"तिकिटं मी आणतो," असं मी म्हणालो, तेव्हा बायकोने भाजी चिरायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात मी आपण होऊन काही आणतो म्हणण्याची ही फार तर तिसरी वेळ असेल.

सासूबाई आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता पाच आठवडे झाले होते. घर दोन खोल्यांचं. त्या दोघी पलंगावर, बायको खाली गादीवर आणि मी स्वयंपाकघरात, फ्रिजला पाय लावून. (फ्रिज उघडायचा तर आधी मला उठवावं लागे, आणि सासूबाईंना पहाटे साडेचारला थंड पाणी लागतं.) आता परवा, चौदा तारखेला, दोघी निघणार होत्या. आरक्षण फोनवर झालं होतं. पण छापील तिकीट हातात आल्याशिवाय सासूबाई गाडीत पाय ठेवत नाहीत, आणि ते स्टेशनातल्या खिडकीवरूनच घ्यायचं होतं.

आरक्षण त्यांच्या नावावर, म्हणून दुसऱ्याने जायचं तर त्यांच्या सहीचं पत्र हवं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि वाटेत उघडू नका म्हणून बजावलं. मी उघडलं नाही. उघडलं असतं तर वाटेतच फाडून टाकलं असतं.

खिडकीतल्या बाईंना पत्र मोठ्याने वाचायची सवय होती. त्यात काचेपलीकडून बोलायला माइक, त्यामुळे सगळ्या रांगेने ते ऐकलं.

"पत्र आणणारे गृहस्थ माझे जावई आहेत. स्वभावाने गरीब आहेत. तिकिटे त्यांच्या हातात सुटी देऊ नयेत. पाकिटात घालून, पाकीट बंद करून, ते आतल्या खिशात ठेवल्याची खात्री करून घ्यावी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या मागच्या आजोबांनी तर माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेही कुणाचे तरी जावई असणार.

अशा वेळी माणसाला काहीतरी करून दाखवावंसं वाटतं. बाईंनी बर्थचे नंबर सांगितले, ते दोन्ही वरचे निघाले. सासूबाईंचे गुडघे मला ठाऊक होते. मी छाती पुढे काढून विचारलं, खालचे दोन मिळतील का? बाई म्हणाल्या, ही तिकिटं रद्द करून नवी काढावी लागतील. मग त्यांनी बराच वेळ कळफलक बडवला आणि काहीतरी म्हणाल्या. माइक नेमका खरखरला. मला एवढंच ऐकू आलं, "...चौदा तारखेला आहेत दोन खालचे."

"मला चौदाच हवी," मी म्हणालो.

"नक्की? घरी विचारायचं असेल तर विचारून घ्या."

"बाई," मी रांगेला ऐकू जाईल असं म्हणालो, "असले निर्णय घरात मीच घेतो."

त्यांनी तिकिटं पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि मी ते ठेवतो का हे उभं राहून पाहिलं. माझ्या शर्टाला आतला खिसा नव्हता. त्यांचं समाधान होईना, म्हणून शेवटी बनियनमध्ये घातलं.

घरी बॅगा बांधून दाराशी ठेवल्या होत्या. सासूबाईंनी चष्मा लावून पाकीट उघडलं. दोन्ही बर्थ खालचे आहेत असं त्यांनी मावशींना सांगितलं, आणि मावशींनी डोळ्याला पदर लावला. मी एका बॅगेवर ऐटीत बसलो.

"तारीख पुढच्या महिन्याची आहे," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने तिकिटं ओढून घेतली. दिवसभर ऑफिसात तारखेचे शिक्के मारणाऱ्या माणसाला महिना कळू नये, यावर ती बोलू लागली. तोच सासूबाईंनी वर्ग गप्प करावा तसा हात वर केला.

"त्यांना काही बोलू नकोस. 'अजून राहा' असं तोंडाने म्हणवलं नाही त्यांच्याने, म्हणून हे केलं."

मी खाली मान घातली. ती लाजून घातली असं सर्वानुमते ठरलं. बायको मात्र तोंडावर हात ठेवून आत पळाली, आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मावशींनी बॅगा सोडायला घेतल्या.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. ते तिकडे घरी एकटेच. मी सगळी चूक कबूल करून माफी मागितली. पलीकडे चार-पाच माणसांचं हसणं आणि पत्ते पिसल्याचा आवाज येत होता. मग दार लोटल्याचा आवाज झाला आणि सासरे हळूच बोलू लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच ओला टॉवेल पलंगावर टाकायला मिळतोय, म्हणाले. तो तिथेच पडलेला बघायलाही बरं वाटतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात तिकिटाचं काही काम निघालं, तर तुम्हीच जा. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही."