पांढऱ्या तुकड्याची परीक्षा

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं तेव्हा माईंनी एकच अट घातली. कपाटं बदला, नळ बदला, हवं तर खिडकीसुद्धा बदला. पण काळ्या दगडाच्या ओट्याला हात लावायचा नाही.

"एक्केचाळीस वर्षं झाली त्याला," माई मुलाला म्हणाल्या. "तू त्याच्यावर बसून दूध प्यायचास."

"आता मी खुर्चीवर बसून पितो, माई."

सुनेला क्वार्ट्झचा ओटा हवा होता आणि तोही पांढराशुभ्र. दुकानातून वहीच्या पानाएवढा नमुन्याचा तुकडा आणून तिने तो माईंपुढे ठेवला. माईंनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"अगं, स्वयंपाकघर करायचंय की दवाखाना? आठ दिवसांत नकाशा होईल याचा."

"डाग पडत नाहीत याला, माई. दुकानदारानं सांगितलंय."

"तो सांगणारच! डाग पडतात, घेऊन जा, असं कधी दुकानदार म्हणालाय का?"

चिरंजीवांनी लग्नापासून आजवर कुणाचीच बाजू घेतलेली नव्हती आणि त्यातच त्यांचं आरोग्य टिकून होतं. त्यांनी तोडगा काढला. तुकडा आठ दिवस माईंच्या ताब्यात राहील. त्या त्याची वाटेल तशी परीक्षा घेतील. एक जरी डाग राहिला तरी काळा ओटा कायम. नाही राहिला, तर पांढरा.

"मान्य," सून म्हणाली. ती इतकी पटकन म्हणाली की माईंना संशय आला.

पहिल्या दिवशी माईंनी बिटाचा कीस तुकड्यावर पसरला आणि खुशाल दुपारची झोप काढली. उठून पुसलं, तर तुकडा कोरा. दुसऱ्या दिवशी चहा, कॉफी आणि वर लिंबाची फोड. सगळं निघालं. लिंबू मात्र सुनेने घाईघाईनं पुसून टाकलं आणि म्हणाली, "आंबट फार वेळ ठेवायचं नसतं."

"हे तुझा दुकानदार म्हणाला नव्हता," माई म्हणाल्या आणि मनात नोंद केली.

बातमी जिन्यावरून वर गेली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुणाच्याही घरच्या परीक्षेत पेपर काढायची हौस. त्या नेलपॉलिश घेऊन आल्या. ते सुकल्यावर माईंनी लाकडी चमच्याच्या कडेने खरवडलं, तर पापुद्रा निघाला आणि खाली काही नाही.

"मेला गुळगुळीत आहे," काकू हताश होऊन म्हणाल्या. "माई, तुमचा केसांचा कलप लावा. माझ्या मोरीच्या फरशीवरचा चार वर्षं गेलेला नाही."

चौथ्या संध्याकाळी कलप लावला. रात्रभर ठेवला. सकाळी माई पाहतात तो तुकडा दुधासारखा स्वच्छ! पुसायचीही गरज नाही. माई खुर्चीवर टेकल्या. काकूंना त्यांनी जिन्यातूनच हाक मारून सांगितलं, "अहो, प्यायला तो कलप! डाग स्वतःच गिळतो हा दगड!"

खरं सांगायचं, तर माईंचा राग त्याआधीच थोडा उतरला होता. त्याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज मूठभर मसूर त्या तुकड्यावर ओतला आणि निवडायला बसल्या. एकेक दाणा सुटा दिसत होता. खडा दिसला, तोही चष्मा न लावता. काळ्या ओट्यावर गेली दोन वर्षं त्या अंदाजाने निवडत होत्या. एकदा चिरंजीवांच्या दाताखाली खडा आला, तेव्हापासून सून म्हणायची, "राहू द्या माई, मी करते." म्हणायची प्रेमानेच. पण एकेक करून कामं अशी हातातून निघून चालली होती, आणि माई स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या उभ्या राहू लागल्या होत्या.

त्या दिवसापासून रोज दुपारी त्या तुकड्याची 'परीक्षा' घेत. म्हणजे दार लोटून त्यावर डाळी निवडत. आठवड्याची डाळ संपली तेव्हा महिन्याची काढली.

सातव्या दिवशी घात झाला. तुकडा शेगडीच्या डाव्या अंगाला होता, मसूर नुकताच डब्यात भरलेला. माईंनी शेंगदाणे भाजले, ताटात ओतले आणि एक्केचाळीस वर्षांच्या सवयीने लोखंडी कढई उचलून डाव्या हाताला ठेवली. डावीकडे काय ठेवलंय ते कधी बघावंच लागलं नव्हतं. काळा दगड तिथे होताच.

'टक्' असा आवाज आला.

कढई उचलली. पांढऱ्या तुकड्यावर पिवळट-तपकिरी चंद्रकोर उमटली होती आणि तिच्यातून केसाएवढी चीर कडेपर्यंत गेली होती.

माई जिंकल्या होत्या. एक हाक मारायची, तुकडा दाखवायचा, की काळा ओटा जन्मभर राहिला. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. मग त्यांची नजर मसुराच्या डब्याकडे गेली आणि तोंड आपोआप मिटलं.

पाच मिनिटांत तुकडा पिशवीत, पिशवी बगलेत आणि माई जिन्यात.

"कुठे निघालात माई?" सुनेने विचारलं.

"पाय मोकळे करायला."

"पिशवी घेऊन?"

"रिकाम्या हातानं चालायची सवय नाही मला."

दुकानात शिरून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चोरीचा माल दाखवावा तसा तुकडा पिशवीतून अर्धाच वर काढला.

"अगदी अस्साच एक द्या. आणि कुणाला बोलू नका."

दुकानदाराने तुकडा पाहिला, मागचा नंबर पाहिला आणि माईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही त्या दुसऱ्या मजल्यावरच्या का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या घरात या नमुन्याचा हा चौथा तुकडा. परवा सकाळी दुकान उघडायच्या आत तुमच्या सूनबाई शटरपाशी उभ्या. तुकड्यावर कसलासा काळा डाग. कलप म्हणाल्या."

माईंना ती पुसायचीही गरज न पडलेली सकाळ आठवली.

"आणि काल साहेब आले. त्यांच्या हातून पडून कोपरा उडाला होता. म्हणाले, आईला कळलं तर ओटा गेला. कुणाला बोलू नका." त्याने नवा तुकडा कागदात गुंडाळला. "तुम्हाला सरळ सांगतो आजी, गरम भांडं थेट ठेवायचं नाही, खाली काहीतरी घ्यायचं. हे मी सूनबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलंय. दुसरा रंगही दाखवला, करडा, डाग दिसत नाहीत त्यावर. त्या ऐकेनात. म्हणाल्या, पांढराच हवा. घरात एका माणसाला गडद ओट्यावर नीट दिसत नाही."

"कोणत्या माणसाला?"

"ते नाही सांगितलं."

माईंनी कागदाची घडी उगाच पुन्हा नीट केली. "आगाऊ आहे ती," त्या म्हणाल्या. पण आवाज जरा ओला आला, म्हणून त्यांनी खोकून घेतलं.

आठव्या दिवशी निकाल लागला. टेबलावर तुकडा होता आणि भोवती तिघं. वरच्या काकूही साक्षीला आल्या होत्या. सून तुकड्याकडे बघायचं टाळत होती. चिरंजीव कोपऱ्यावर बोट ठेवून बसले होते, तो शाबूत असूनही.

"काय माई?" चिरंजीवांनी विचारलं. "डाग?"

"एकही नाही," माई म्हणाल्या. "दगड म्हणजे दगड आहे. मी हरले."

सुनेने सुस्कारा सोडला. चिरंजीवांनीही सोडला. दोघांनी दचकून एकमेकांकडे पाहिलं.

महिन्याभरात ओटा बसला. खिडकीतला उजेड त्यावर पडला की अख्खी खोली मोठी वाटायची. काळ्या दगडाचे दोन तुकडे गवंड्याकडून कापून घेऊन माईंनी गॅलरीत कुंड्यांखाली ठेवले. पहिल्या सकाळी सुनेने शेगडीवरून चहाचं उकळतं पातेलं उचललं आणि ओट्याकडे वळली.

"थांब!" तीन आवाज एकदम आले, त्यातला एक तिचा स्वतःचाच होता.

माईंनी पदराआडून लाकडी चकती काढून ओट्यावर ठेवली. चिरंजीवांनी पायजम्याच्या खिशातून दुसरी काढून तिच्यावर ठेवली. सुनेने मोकळ्या हाताने खणातली तिसरी काढली आणि त्यावर रचली.

"तशी गरज नाही म्हणा," सून म्हणाली. "याला काही होत नाही."

"छे, काहीच नाही," चिरंजीव म्हणाले.

"मी आठ दिवस पाहिलंय ना," माई म्हणाल्या.

आणि पातेलं त्या मनोऱ्यावर नीट टेकेपर्यंत तिघांपैकी कुणीही श्वास घेतला नाही.